शीतगृहातला कॉम्प्युटर

कार्यालयीन आदेश. जावक क्रमांक १. दिनांक ५ जून २०००.

नाव: श्री. कडूबा रंगनाथ बरकुले. मूळ राहणार तालुका घनसावंगी. हल्ली मुक्काम जुना जालना. जन्मतारीख: १ जून १९६४ (शाळेच्या दाखल्यावरून, आईच्या सांगण्यावरून ज्वारीच्या काढणीत). शिक्षण: बारावी, शेतकी विषय घेऊन. शरीरयष्टी: मध्यम. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर फवारणी पंपाच्या दांड्याची खोक. पद: प्रमुख, संगणक विभाग. अधिकार: विभागातील सर्व यंत्रे उघडणे, झाकणे, चालू करणे, बंद करणे व गार ठेवणे. हाताखालील कर्मचारी: निरंक. सदर कर्मचाऱ्याने संगणकाच्या गंभीर आजारात दाखविलेली चिकाटी विचारात घेऊन हा आदेश निर्गमित करण्यात येत आहे.

शुभ्रलक्ष्मी सीड्स ही कंपनी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिने काढलेला हा पहिलाच लेखी आदेश. त्याआधी मालक जुगलकिशोरशेठ गादीवरून आवाज देत, तो जिन्यावरच्या माणसाला ऐकू जाई, जिन्यावरचा माणूस खाली सांगे, आणि खाली पोचेपर्यंत जे उरेल त्याला आदेश म्हणत. कामं अडत नव्हती.

शेठजींच्या आजोबांनी जुन्या जालन्यात कापडाचं दुकान घातलं, वडिलांनी सरकीचा व्यापार केला आणि शेठजी संकरित कापसाच्या बियाण्यात आले. म्हणजे घराणं तीन पिढ्यांत कापडाकडून बियाण्याकडे, उलट्या दिशेनं, चालत आलं होतं. कापडाच्या दुकानावरच्या माडीत ऑफिस आणि अंबड रस्त्याला अठरा एकर फार्म. फार्मवर अण्णासाहेब नवे वाण तयार करत. ते एका कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण चुकीचा आकडा ऐकला की त्यांचा घसा बसेपर्यंत मोजमाप सुटे.

कडूबा या फार्मवर फवारणीच्या पंपासह आला आणि पंप खाली ठेवून वर गेला, तो त्याच्या अक्षरामुळे. त्याचा एक आणि सात वेगळे दिसत. अण्णासाहेबांनी आयुष्यभर माणसं पाहिली होती, पण असा माणूस पाहिला नव्हता. त्यांनी त्याच्या हातात नोंदवही दिली. कापसाच्या संकरात मादी झाडाच्या कळीतले नर-केसर आदल्या दिवशी खुडून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल तिच्यावर फिरवायचं, असं काम असतं. ते बायका करतात, त्याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. क्रॉसिंगच्या टोळीची मुकादम होती गोजरबाई. तिच्या बायका कोणत्या ओळीत कोणाचा नर कोणाला लावून आल्या, हे कडूबा बांधावर बसून लिही. कोपऱ्यात त्या दिवसाचं ऊन, वारा, आभाळ. दर वर्षी यातून पन्नासएक संकर निघत आणि त्यांचं मूठ-मूठ बी कागदी पाकिटात घालून फार्मवरच्या शीतगृहात ठेवलं जाई. आठ वर्षांत अशी चारशे बारा पाकिटं झाली होती.

पाकिटांवर फक्त नंबर असे, कारण जालन्यात तेव्हा बियाण्याच्या कंपन्या एवढ्या झाल्या होत्या, की कोणत्याही चहाच्या टपरीवर तीन मालक बसलेले असत आणि तिघेही एकमेकांच्या वाणांची चौकशी तब्येतीच्या चौकशीसारखी करत. वाणाचे आईबाप कळले की वाण गेला. एका कंपनीच्या राखणदारानं धोतराच्या सोग्यातून मूठभर बी नेलं आणि दुसऱ्या वर्षी तेच बी दुसऱ्या नावानं बाजारात आलं, ही गोष्ट शेठजी वर्षातून चारदा सांगत. म्हणून पाकिटावर दोनशे सात असेल तर दोनशे सात. दोनशे सात म्हणजे कोण कोणाचं, हे वहीत.

सत्त्याण्णव साली शेठजींनी कॉम्प्युटर घेतला. कोणी तरी त्यांना सांगितलं, की कॉम्प्युटरला पासवर्ड असतो. वहीला नसतो. एवढं एक कारण पुरलं. कडूबाला अंबडला तीन महिन्यांच्या क्लासला धाडलं आणि परत आल्यावर त्यानं तोवरच्या सगळ्या वह्यांतली क्रॉसिंगची नोंद अन् नोंद, चौदा महिने बसून, दोन बोटांनी आत घातली. पासवर्ड होता 'लक्ष्मी'. तो शेठजी, अण्णासाहेब, कडूबा आणि समोरचा चहावाला, एवढ्यांनाच माहीत होता.

काम पुरं झालं तेव्हा शेठजींनी कडूबाकडून एका कागदावर सही घेतली: सर्व नोंदी संगणकात आल्या आहेत, सबब वह्या निकामी. सही करताना कडूबाची छाती दोन बोटं फुगली होती, हे त्यानंच नंतर कबूल केलं. वह्या जाळायच्या होत्या, पण शेठजींच्या घरात कागद जाळत नाहीत. पानं कापून त्यांची नमुन्यांची पाकिटं केली आणि ती गावोगावच्या दुकानदारांकडे गेली. त्यानंतरच्या नोंदी चिठोऱ्यांवरून रोज संध्याकाळी थेट कॉम्प्युटरात जाऊ लागल्या आणि चिठोऱ्या चुलीत.

राहिला प्रश्न कॉपीचा. क्लासमध्ये कडूबाला शिकवलं होतं, की दर आठवड्याला फ्लॉपीवर एक प्रत काढून ठेवावी. शेठजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, फ्लॉपी किती मोठी असते? कडूबानं दाखवली. शेठजींनी ती आपल्या बंडीच्या खिशात घालून पाहिली, बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या फ्लॉपीच्या फटीवर कागदाची पट्टी डकवून तिच्या दोन्ही टोकांना लाख लावली. लाखेवर वडिलांची पितळी मोहोर उठवली; सरकीच्या व्यापारात पार्सलांवर उठवत ती. प्रिंटर घेतलाच नाही. कॉम्प्युटरात गोष्ट आत जाईल, बाहेर येणार नाही, अशी व्यवस्था झाली. तिजोरीची व्याख्या शेठजींच्या मते हीच होती.

नव्व्याण्णवच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला, चोपड्यांच्या शेजारी कॉम्प्युटरचा डबाही पाटावर बसला. घरातल्या थोरल्या, शेठजींच्या आई भगवतीदेवी यांनी त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, अक्षता, साळीच्या लाह्या आणि बत्तासे वाहिले. चोपडीला वाहिलेल्या अक्षता चोपडीवर राहतात. डब्याला वर जाळी होती. पाचव्या दिवशी डब्यातून टिक, टिक असा आवाज येऊ लागला.

कडूबानं डबा उघडला. आत तांदळाचे अकरा दाणे, एक लाही आणि अर्धा बत्तासा निघाला. बत्ताशाला मुंग्या होत्या. त्यानं रंगाऱ्याच्या ब्रशनं सगळं झाडून काढलं, तारा जागच्या जागी दाबल्या, झाकण लावलं. आवाज बंद झाला. शेठजींनी त्याला नारळ दिला. तेव्हापासून माडीवर सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणू लागले आणि त्यालाही ते फारसं वाईट वाटलं नाही.

गंमत अशी, की लाहीचा आणि आवाजाचा काहीही संबंध नव्हता. आवाज हार्ड डिस्कचा होता. म्हणजे ज्या चपट्या डबीत सगळं साठवलेलं असतं, तीच आतून झिजायला लागली होती. उघडझाकीत तार नीट बसली, म्हणून काही दिवस गप्प राहिली. पण ज्या औषधानं एकदा गुण आला त्याच्यावर माणसाचा विश्वास बसतो. संक्रांतीला आवाज पुन्हा आला तेव्हा कडूबानं पुन्हा ब्रश मारला. होळीला आला, पुन्हा ब्रश. आता आत तांदूळ नव्हते, तरी तो शोधत राही. शेठजींनी घरात फर्मान काढलं, की पुढच्या साली अक्षता फक्त पडद्यावर. मार्चअखेर कॉम्प्युटर चालू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ घेऊ लागला. एप्रिलात चालता चालता थिजू लागला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. तिचा अर्थ एवढाच, की मला डिस्क सापडत नाही.

त्या दिवशी कडूबा जेवला नाही. मृगाआधी शेत आखायचं होतं. चारशे बारांपैकी कोणती पाकिटं कुठल्या ओळीत, हे अण्णासाहेब कॉम्प्युटरसमोर बसून ठरवणार होते. आता शीतगृहात चारशे बारा पाकिटं सरकी होती. चांगली, गार, कोरडी सरकी. म्हशीला घालता आली असती. आणि वह्या गेल्या होत्या त्या कडूबाच्या सहीनं.

अण्णासाहेबांनी कपाटात उरलेली जुन्या वह्यांची सव्वीस पाकिटं मागवली, ती फोडून उलटी केली आणि दोन दिवस तुकडे जुळवत बसले. कडूबाचं अक्षर होतं, एक आणि सात वेगळे दिसत होते. दोन दिवसांअखेर एवढं सिद्ध झालं, की १४ ऑगस्ट १९९४ रोजी फार्मवर आभाळ होतं.

शेठजींनी औरंगाबादला सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला, फॉर्मॅट मारा. कडूबानं फोन घेऊन विचारलं, त्यानं आतलं राहील का? इंजिनिअर म्हणाला, आतलं जाईल, पण कॉम्प्युटर चालेल. कडूबानं फोन ठेवला. फार्मवर तणनाशक विकायला येणारे लोकही असंच सांगत. त्यांच्या औषधानं तण जायचं, सोबत पीकही जायचं, पण रान मात्र स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला कडूबानं सवयीनं बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर चालू झाला. सत्तावीस मिनिटं चालला आणि थिजला. दुपारी एकला, माडीचे पत्रे तापलेले असताना, चार मिनिटं. संध्याकाळी सहाला नऊ. कडूबानं ब्रश बाजूला ठेवला आणि वही काढली. शंभर पानी, पुठ्ठ्याची. वेळ, मिनिटं, भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि संध्याकाळची नोंद झाली तेव्हा अण्णासाहेबांचा धीर सुटला.

"अरे, हा काय गव्हाचा प्लॉट आहे? मरत्या माणसाला उठवून बसवतोयस पुन्हा पुन्हा."

"साहेब," कडूबा म्हणाला, "एकदाच घेतलेल्या आकड्याला तुमीच आकडा म्हनत न्हाई. तीनदा घे म्हनता."

अण्णासाहेबांनी वही हातात घेतली, उभ्या उभ्या वाचली, मग खुर्ची ओढून बसून वाचली. तीन दिवस, नऊ नोंदी. जेवढं गार तेवढी जास्त मिनिटं. एकही नोंद उलटी नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, महाविद्यालयात त्यांच्या हाताखाली एम.एस्सी.ची मुलं होती, त्यातल्या दोघांना असं टिपण जमत असे. मग दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं, कारण सबंध जिल्ह्यात मे महिन्यात बारा अंशांवर असलेली, कोरडी आणि वीज गेली तरी जनरेटरवर चालणारी खोली त्यांच्याच फार्मवर होती आणि तिच्यात चारशे बारा पाकिटं वाट पाहत होती.

अडचण एकच होती. लाख.

शेठजी गादीवर बसून सुपारी कातरत होते. अण्णासाहेबांनी विषय काढला आणि कडूबाकडे पाहून थांबले. कडूबानं सांगितलं, की कॉम्प्युटर गार खोलीत न्यायचा, चालतोय तेवढ्यात ती एक फाइल फ्लॉपीवर ओढून घ्यायची. त्यासाठी सील फोडावं लागंल. शेठजींचा अडकित्ता थांबला. ते रागावले नाहीत. त्यांनी फ्लॉपीच्या फटीकडे पाहिलं. मग राखणदाराच्या धोतराची गोष्ट निघाली. तिसऱ्यांदा त्या साली.

"भाई कडूबा, तुझ्यावर शक न्हाई. पण फ्लॉपी खिशात मावते."

कडूबाला उभ्या उभ्या घाम आला होता, पण तो मेचा महिना होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

"शेठजी, ते चारशे बारा नंबर तुमच्या डोक्यात न्हाईत, साहेबांच्या न्हाईत, माझ्या बी न्हाईत. एकाच्याच पोटात हायेत, आन् त्यो मरून राह्यला. आता चोरीला जायाला तरी कायतरी शिल्लक पायजे का न्हाई?" थोडं थांबून तो म्हणाला, "वह्या माझ्या सहीनं गेल्या. ह्याची बी सही मी करतो."

शेठजींनी सुपारीची खांडं तोंडात टाकली. उठले, डब्यापाशी गेले, अडकित्त्यानं लाख स्वतः फोडली आणि तुकडे गोळा करून बंडीच्या खिशात ठेवले. सही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून रिक्षानं अंबड रस्त्याला निघाला. डबा कडूबाच्या मांडीवर, पडदा अण्णासाहेबांच्या. रिक्षावाल्यानं विचारलं, पेशंट कोण आहे? अण्णासाहेबांनी खड्डे चुकवून चालवायला सांगितलं.

शीतगृहाचा नियम असा, की आत एकट्यानं जायचं नाही. दार बाहेरून बसलं तर माणूस अडकतो. आणि दोघांपेक्षा जास्त जायचं नाही. माणसाच्या अंगाची ऊब बियाण्याला सोसत नाही. अण्णासाहेबांना दमा होता. म्हणजे कडूबाबरोबर आत बसायला एक माणूस पाहिजे होतं. बाहेर त्रेचाळीस अंश होते. क्रॉसिंगच्या बायका बांधावर तण काढत होत्या, त्यातल्या चौदाजणी तयार झाल्या. गोजरबाईनं मुकादम म्हणून स्वतःची निवड केली.

"आमी आठ साल उन्हात करपून राह्यलो, तवा कुनाला गार खोली सुचली न्हाई," ती डोक्यावरून गोधडी घेत म्हणाली. "डब्याला ताप आला की लगीच."

"मावशी, डब्याला बोलता येत न्हाई म्हून," कडूबा म्हणाला.

"बोलाया लागला तर तुझं काई खरं न्हाई, बाबा."

दोन तास डबा तसाच थंड होऊ दिला. दहा वाजता कडूबानं बटण दाबलं. टिक, टिक, मग एक लांब घरघर, आणि पडदा उजळला. अण्णासाहेब दाराच्या काचेला नाक लावून उभे होते. कडूबानं फ्लॉपी घातली, क्लासमध्ये शिकवलेली कॉपीची ओळ टाइप केली आणि एंटर मारलं. फ्लॉपी कुरकुरू लागली. पाच मिनिटं झाली. दहा. माडीवरच्या दुपारचा चार मिनिटांचा आकडा केव्हाच मागे पडला होता आणि डबा चालत होता.

मग तो अडला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: वाचता येत नाही, सोडून देऊ, पुन्हा पाहू, की दुर्लक्ष करू? तीन अक्षरं, त्यातलं एक दाबायचं. कडूबानं 'पुन्हा'चं बटण दाबलं. तीच ओळ. पुन्हा दाबलं. तीच ओळ. बारा अंशांत त्याचं बोट विसाव्या वेळी लाकूड झालं.

गोजरबाईनं विचारलं, कंचं दाबून राह्यला? त्यानं बटण दाखवलं. तिनं त्याला सरकवलं आणि स्वतः दाबू लागली. वीस वर्षं कळ्या खुडणारी बोटं होती ती. सकाळी आठ ते अकरा थांबायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. दर वेळी ती शेजारच्या ताटलीतला सरकीचा एक दाणा ओच्यात टाकी, कारण हजेरीचा हिशेब ती तसाच ठेवत असे. एकसष्टाव्या दाण्याला ओळ नाहीशी झाली आणि फ्लॉपी पुन्हा कुरकुरू लागली. काचेपलीकडे अण्णासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

आणखी पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा अडला. या वेळी दाणे साठ झाले, ऐंशी झाले, शंभर झाले. टिक टिक आता दाटून येऊ लागली होती, दोन टिकांमधली जागा कमी होत होती. सुरू होऊन अठ्ठावीस मिनिटं झाली होती; वहीत याच्यापलीकडचा आकडाच नव्हता. दाणे एकशे चाळीस झाले. इथंच अडून बसलो तर पुढचं सगळं जाईल. 'दुर्लक्ष' दाबलं तर इथलं जेवढं आहे ते कायमचं जाईल. कडूबानं काचेकडे पाहिलं. काच वाफेनं धुरकट झाली होती, पलीकडे नुसता चष्मा दिसत होता. विचारायला कोणी नव्हतं.

गोजरबाई दाबायची थांबली नव्हती. म्हणाली, "आमच्यात कसं हाये, येक फूल धरंना तर तितंच दिस काढत न्हाई. म्होरचं झाड बगतो."

"ह्यातलं जाईल, मावशी. कुनाचं तरी आईबाप."

"जाऊ दे की. माझं बी गेलं. मी हाये न्हवं?"

कडूबानं 'दुर्लक्ष'चं बटण दाबलं. डबा गप्प झाला, मग फ्लॉपी कुरकुरली. चौतिसाव्या मिनिटाला पडद्यावर आलं, की एक फाइल उतरली. कडूबानं फ्लॉपी काढली, दुसरी घातली, कारण एका फ्लॉपीवर भरवसा ठेवायचा नाही हेही क्लासात शिकवलं होतं. एंटर मारलं. डब्यातून जात्यात खडा आल्यासारखा एकच आवाज झाला, आणि त्यानंतर त्या डिस्कनं या जगात कधी आवाज केला नाही. ती पुढं तीन दिवस शीतगृहात ठेवून पाहिली. नुसती गार झाली.

फ्लॉपी स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून जालन्यात आणली. प्रिंटर होता बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. शेठजी स्वतः आले, क्लासच्या मालकाला रामराम केला, आणि दोन तास त्यानं आपल्याच दुकानाबाहेर उभं राहावं अशी विनंती केली. मालक उभा राहिला. जालन्यातलाच होता, त्याला समजलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा शेठजींनी कडूबालाही तोंड भिंतीकडे करायला सांगितलं. मग त्यांना आठवलं, की टाइप करणार कडूबाच आहे.

प्रिंटर करकरत राहिला. भोकांच्या कडांचा लांबलचक कागद अण्णासाहेब दोन्ही हातांनी झेलत होते, आणि झेलता झेलता वाचत होते. एकशे बारा, बरोबर. एकशे नव्वद, बरोबर. दोनशे सात. दोनशे आठ, नऊ आणि दहा या तीन ओळींत पत्त्यांतले किलवर-बदाम आणि चावट दिसणारे हसरे चेहरे आले होते. दोनशे अकरापासून चारशे बारापर्यंत पुन्हा सगळं जागच्या जागी. अण्णासाहेबांनी शेवटचं पान घडी केलं आणि म्हणाले, "चारशे नऊ." त्यांचा घसा बसला होता, आणि त्यांनी त्या दिवशी एकही चुकीचा आकडा ऐकला नव्हता.

शेठजींनी विचारलं, तीन कोणते गेले? कडूबानं सांगितलं. गेले ते माझ्या बोटानं गेले, हेही सांगितलं. शेठजी म्हणाले, कापडात तर एवढं उंदीर खातात.

आता प्रती वेगवेगळ्या जागी ठेवायची वेळ आली. छापलेली एक प्रत अण्णासाहेबांच्या ट्रंकेत. फ्लॉपी शेठजींच्या बंडीच्या खिशात, लाखेच्या तुकड्यांशेजारी. ती ते झोपतानाही काढत नसत, पुढं ती वाकडी होऊन गेली तेव्हा कळलं. आणि कडूबा शंभर पानी वहीत चारशे नऊ ओळी हातानं उतरवून काढत बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नाही. सोळा दिवस लागले. ती वही तो संध्याकाळी शेठजींच्या तिजोरीत ठेवी आणि सकाळी मागून घेई. गोजरबाई येता-जाता विचारायची, डाक्टर, पेशंट मेला तरी पट्ट्या बांधून राह्यले का?

मृगात लावण झाली. दोनशे आठ, नऊ आणि दहा टाकून द्यायची असं अण्णासाहेबांनी ठरवलं, गोजरबाईनं ती विहिरीच्या बांधाला टोचली. तिघांपैकी दोन मरतुकडी निघाली. तिसरं बरं होतं. बरं, यापलीकडे अण्णासाहेबांनी त्याची तारीफ केली नाही, पण खाली वाकून त्याची बोंडं मोजताना त्यांना कडूबानं दोनदा पाहिलं.

आदेशाचं असं झालं, की शेठजींना कडूबासाठी काही तरी करायचं होतं. नारळ देऊन झाला होता. अण्णासाहेब म्हणाले, पद द्या. मसुदा त्यांनीच सांगितला, सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं ऐकलेली सगळी वाक्यं त्यात बसवली, आणि 'गार ठेवणे' हे शब्द शेठजींनी आग्रहानं घातले. कडूबानं तो कागद घरी नेला, बायकोला, नंदाबाईला वाचून दाखवला. तिनं 'निरंक'चा अर्थ विचारला. त्यानं सांगितला. ती म्हणाली, मंग बरं हाये, कुनाला ओरडायची कटकट न्हाई.

तो आदेश अजून त्याच्याकडे आहे, काचेच्या चौकटीत, देव्हाऱ्याच्या शेजारी. निळ्या शाईत, शेठजींच्या अक्षरात, कार्बन घालून काढलेला. त्यात एक आणि सात सारखेच दिसतात. नवीन कॉम्प्युटर दिवाळीच्या मुहूर्तावर आला. आदेश निघाला त्या दिवशी कंपनीत चालू स्थितीतला कॉम्प्युटर एकही नव्हता.